शर्यतीतील घोड्याचा मृत्यू आणि जबाबदारी: बातमी तपासण्याची रीत

शर्यतीत घोडा कोसळल्याची चित्रफीत फिरू लागली की काही तासांतच आरोपी ठरलेले असतात. जॉकीने चाबूक फार चालवला, ट्रेनरने औषध टोचले, मालकाला हाव सुटली, क्लबने खराब धावपट्टीवर शर्यत लावली, अशी चार मते पडतात आणि पाचवे मत असे की हा खेळच असा आहे, दोष कोणाचाच नाही. यांपैकी प्रत्येक मताला कोणत्या ना कोणत्या प्रकरणात आधार सापडतो. समोरच्या प्रकरणात कोणते मत लागू पडते, हे मात्र चित्रफितीवरून कळत नाही. अशी बातमी वाचून स्वतःचे मत बनवू पाहणाऱ्याने काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे येथे मांडले आहे. उदाहरणे बहुतेक अमेरिकेतील आहेत, कारण तेथे घोड्यांच्या मृत्यूंच्या नोंदी आणि चौकशीचे अहवाल बरेच तपशीलवार आणि जाहीर असतात. त्यातही लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता रेसकोर्सचा २०१८-१९ चा हंगाम वारंवार येईल.

मृत्यू कोणत्या प्रकारचा, हे आधी ठरवावे

सपाट शर्यतीत धावता धावता हाड मोडणे, अडथळ्यांच्या शर्यतीत उडी चुकून पडणे आणि कोणतीही दुखापत न दिसता अचानक कोसळणे, या तीन वेगळ्या घटना आहेत. त्यांची कारणे वेगळी असतात, त्यामुळे जबाबदार माणसेही वेगळी असू शकतात. बातमीत मात्र तिन्हींसाठी ‘घोडा दगावला’ एवढेच लिहिलेले असते. केंटकी डर्बी या अमेरिकेतील मोठ्या शर्यतीत २०२१ साली पहिला आलेला मेडिना स्पिरिट त्याच वर्षी ६ डिसेंबरला सांता अनितावर सरावानंतर कोसळून मेला. डर्बीनंतरच्या चाचणीत त्याच्या रक्तात बीटामेथासोन हे सांधेदुखीवरचे औषध सापडलेले असल्याने पुष्कळांनी दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली. शवविच्छेदनात मृत्यूचे निश्चित कारण सापडले नाही. मे महिन्यातील औषधाचा नियमभंग खरा होता, पण त्यावरून डिसेंबरमधील मृत्यूचा निष्कर्ष काढता येत नाही.

हाड मोडलेल्या घोड्याला लगेच मरण का दिले जाते, हेही समजून घ्यावे, नाहीतर सगळा राग इंजेक्शन देणाऱ्या पशुवैद्यावर निघतो. (गोळी घालतात ही समजूत जुनी आहे; आता पडदा धरून त्याआड इंजेक्शन दिले जाते.) घोड्याच्या पायाच्या खालच्या भागात स्नायू जवळजवळ नसतात आणि रक्तपुरवठाही बेताचाच असतो. त्याला आठवडेच्या आठवडे आडवे ठेवता येत नाही. एका पायावर प्लास्टर असले की दुसऱ्या पायावर भार वाढतो आणि त्या पायाच्या खुरातील ऊतकांना सूज येऊन खूर आतून सुटू लागते. २००६ च्या प्रीकनेस शर्यतीत बार्बारोचा मागचा उजवा पाय मोडला तेव्हा त्याच्यासाठी पैसा, शल्यविशारद आणि उत्तम रुग्णालय असे सर्व काही उपलब्ध होते. आठ महिने उपचार झाले आणि अखेर खुरांच्या याच विकारामुळे २९ जानेवारी २००७ रोजी त्याला मरण द्यावे लागले. त्यामुळे घोड्याला का वाचवले नाही हा प्रश्न बहुतेक वेळा निष्फळ ठरतो. विचारायचे ते मोडण्यापूर्वीच्या दिवसांबद्दल.

आकडा वाचताना

सांता अनितावर २६ डिसेंबर २०१८ ते २३ जून २०१९ या हंगामात ३० घोडे मेले. आकडा भयंकर वाटतो, आणि तो आहेही. पण एकटा आकडा काही सांगत नाही. किती घोडे धावले, हे त्याच्या शेजारी हवे. अमेरिकेतील जॉकी क्लब ही शर्यतीच्या घोड्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था आहे; ती दर हजार ‘स्टार्ट’मागे किती मृत्यू झाले हे मोजते. एक घोडा एका शर्यतीत उतरला की एक स्टार्ट. २००९ मध्ये हे प्रमाण २.०० होते, २०२२ मध्ये १.२५ झाले. घट मोठी आहे आणि ती आपोआप झालेली नाही. मात्र या मोजणीत दोन फटी आहेत. ती केवळ शर्यतींपुरती आहे, सरावात मेलेले घोडे तिच्यात येत नाहीत. आणि शर्यतीनंतर बहात्तर तासांच्या आत झालेला मृत्यूच धरला जातो. म्हणजे बार्बारो या हिशेबात बसला नसता, मेडिना स्पिरिटही नाही. शिवाय घोडा वर्षातून अनेकदा धावतो, त्यामुळे हजारात एक हे प्रमाण एका स्टार्टचे आहे, एका घोड्याच्या वर्षभरातील धोक्याचे नाही. क्लबचे प्रवक्ते पहिला आकडा सांगतात आणि दुसरा ऐकणाऱ्याला सुचत नाही.

धावपट्टीनिहाय आकडे वाचतानाही सावध राहावे. २०२२ मध्ये अमेरिकेत मातीच्या धावपट्टीवर हे प्रमाण १.४४, हिरवळीवर ०.९९ आणि कृत्रिम पृष्ठभागावर ०.४१ होते. पुढच्याच वर्षी कृत्रिम पृष्ठभागाचा आकडा ०.९७ वर गेला. शर्यतींची संख्या कमी असली की थोड्या मृत्यूंनीही प्रमाण वरखाली होते. एका वर्षाच्या आकड्यावर धावपट्टी बदलण्याची मागणी उभी करू नये. मातीवरचा धोका हिरवळीपेक्षा जास्त, हे मात्र अनेक वर्षांच्या नोंदींत टिकून राहिलेले आहे.

हाडाचा आधीचा इतिहास

या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी वाचली जाणारी गोष्ट येथे आहे. शर्यतीच्या घोड्याचे वजन साधारण ४५० ते ५०० किलो असते, वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास, आणि भर दौडीत एका क्षणी एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. नळीचे हाड खाली जेथे संपते तेथे फेटलॉकचा सांधा असतो. त्याच्या मागे सेसॅमॉइड नावाची दोन लहान हाडे असतात. भार येताच हा सांधा जवळजवळ जमिनीपर्यंत खचतो आणि या चिमुकल्या हाडांना स्नायुबंधांसह तो तोलून धरावा लागतो. शर्यतीतील जीवघेण्या मोडतोडीचा मोठा वाटा याच सांध्याचा असतो.

पाहणाऱ्याला वाटते की पाय चुकीचा पडला आणि हाड तटकन तुटले. कॅलिफोर्नियात १९९० पासून रेसकोर्सच्या आवारात मरणाऱ्या घोड्यांचे शवविच्छेदन केले जाते. डेव्हिस येथील विद्यापीठात त्या हाडांच्या अभ्यासातून जे चित्र पुढे आले ते वेगळे आहे. बहुसंख्य प्रकरणांत हाड जेथे मोडले तेथे आधीपासूनची इजा होती. वेगवान सरावाने हाडात सूक्ष्म भेगा पडतात. शरीर आधी खराब झालेला भाग काढून टाकते आणि मग नवे हाड भरते. काढण्याचे काम लवकर होते, भरण्याला बराच जास्त काळ लागतो, आणि मधल्या काळात हाड पोकळ, कमजोर असते. म्हणूनच विश्रांतीवरून परतलेल्या घोड्याला घाईने भरधाव पळवणे धोक्याचे असते. वरून पाहता तो ताजातवाना दिसतो.

सांता अनितावर ३० डिसेंबर २०१८ ते ३१ मार्च २०१९ या काळात मेलेल्या २३ घोड्यांची चौकशी कॅलिफोर्निया हॉर्स रेसिंग बोर्डाने केली. मार्च २०२० मध्ये आलेल्या अहवालानेही हेच सांगितले: बहुतेक मोडलेल्या हाडांत जुनी इजा होती आणि बेकायदा औषध किंवा उपचार आढळले नाहीत. त्या हिवाळ्यात पाऊस फार झाला होता आणि सगळा रोष धावपट्टीवर होता. अहवालानुसार ३९ टक्के मृत्यू ओल्या हवामानाचा परिणाम झालेल्या पृष्ठभागावर झाले. हा आकडा मोठा आहे, पण उरलेले ६१ टक्के मृत्यू तसे नव्हते, हेही तोच आकडा सांगतो. फेब्रुवारीच्या अखेरीस धावपट्टी बंद ठेवून जमिनीत रडार सोडून तपासली गेली, ती ठीक असल्याचे सांगण्यात आले, आणि त्यानंतरही घोडे मेले. ५ मार्चला शर्यती थांबवाव्या लागल्या. माझे मत असे की धावपट्टी हे अनेकदा शेवटचे निमित्त असते. कमजोर झालेले हाड तिने मोडते, मात्र ते आधीच कमजोर झालेले असते.

म्हणून वाचकाने घोड्याची मागील कामगिरी काढून पाहावी. ती बहुतेक देशांत जाहीर असते. मध्येच काही महिने तो का दिसला नाही? परतल्यावर किती दिवसांत किती वेगवान सराव झाले? तो एकाएकी खालच्या दर्जाच्या शर्यतीत का उतरवला गेला? ट्रेनर अलीकडेच बदलला होता का? पशुवैद्यांच्या निगराणी यादीवर तो पूर्वी होता का? यांतील एकाही उत्तराने दोष सिद्ध होत नाही. पण तीन-चार उत्तरे एकाच दिशेला बोट दाखवू लागली, तर ‘दुर्दैवी अपघात’ हे शब्द मागे घ्यावे लागतात.

कोणाला दिसले होते आणि कोणाला थांबवता आले असते

दोष शोधण्याची माझी कसोटी हीच आहे. घोडा पडला तेव्हा त्याच्याजवळ कोण होते हे पाहू नये. त्याला न पळवण्याचा निर्णय घेण्याइतकी माहिती आणि अधिकार दोन्ही कोणाकडे होते, हे पाहावे. पुष्कळांकडे यांपैकी एकच असते. रोज पायांवर हात फिरवणाऱ्या मोतद्दाराला सांधा गरम लागतो, पण त्याला अधिकार नसतो. मालकाला अधिकार असतो, पण तो महिनोन्महिने तबेल्यात फिरकत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र येतात त्या प्रामुख्याने ट्रेनरकडे आणि पशुवैद्याकडे. अमेरिकी नियमांत घोड्याच्या स्थितीची, विशेषतः त्याच्या शरीरात सापडणाऱ्या औषधाची, अंतिम जबाबदारी ट्रेनरवर असते, औषध कोणीही दिलेले असो. हा नियम कठोर वाटला तरी त्यामागचे तर्कशास्त्र याच कसोटीचे आहे.

मंगोलियन ग्रूमचे प्रकरण या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सांता अनितावर त्याने एक मोठी शर्यत जिंकली आणि २ नोव्हेंबरला तेथेच ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये, देशभर थेट प्रक्षेपण चालू असताना, त्याचा मागचा डावा पाय मोडला. त्या वर्षी सांता अनितावर आधीच इतके मृत्यू झालेले असल्याने ब्रीडर्स कपसाठी पशुवैद्यांची मोठी फौज होती आणि प्रत्येक घोड्याची पुन्हापुन्हा तपासणी झाली होती. मग हा घोडा सुटला कसा? डॉ. लॅरी ब्रॅम्लेज या नामांकित शल्यविशारदांना स्वतंत्र अहवाल करण्यास सांगण्यात आले. त्यांच्या अहवालातून दिसते की इजा एका पायात नव्हती, मागच्या दोन्ही पायांत होती. एक पाय दुखला तर घोडा लंगडतो आणि ते लगेच दिसते. दोन्ही सारखेच दुखले तर तो लंगडत नाही, फक्त पावले आखूड टाकतो. त्याची आखूड चाल पशुवैद्यांच्या नजरेस आली होती, लक्ष ठेवण्यासारखा घोडा म्हणून त्याच्याकडे पाहिलेही गेले, पण त्याला शर्यतीतून काढण्याइतके कोणालाच खात्रीचे वाटले नाही.

येथे खलनायक सापडत नाही, तरीही जबाबदारी शून्य होत नाही. तपासणाऱ्यांना शंका होती आणि अधिकारही होता. शंकेचा फायदा घोड्याला द्यायचा की शर्यतीला, हे आधी ठरलेले नव्हते. म्हणजे चूक व्यक्तींपेक्षा पद्धतीची होती, आणि पद्धत ठरवणाऱ्यांची नावे असतात. त्यानंतर सांता अनितावर घोड्याला उभ्या उभ्या तपासून हाडातील इजा दाखवणारे पीईटी स्कॅन यंत्र आले. मेलबर्न कपमध्ये २०१८ साली द क्लिफ्सऑफमोहर आणि २०२० साली अँथनी व्हॅन डाइक मेल्यावर ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून परदेशी घोड्यांना पायांचे स्कॅन सक्तीचे केले. स्कॅन उपलब्ध असताना तो न करणे हा आता निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

औषधांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. चाचणी निर्दोष आली याचा अर्थ बेकायदा काही सापडले नाही, इतकाच. वेदनाशामके आणि सांध्यातील कॉर्टिकोस्टेरॉइडची (सूज कमी करणाऱ्या औषधांची) इंजेक्शने ठरावीक मुदतीपर्यंत कायदेशीर असतात आणि त्यांनी वेदना दबली की घोडा आपल्या पायाला जपत नाही. अमेरिकेच्या नव्या केंद्रीय नियमांनी, ज्यांतील रेसकोर्स-सुरक्षेचा भाग जुलै २०२२ पासून आणि औषधांचा भाग मे २०२३ पासून लागू झाला, सांध्यातील इंजेक्शननंतर चौदा दिवस शर्यत आणि सात दिवस वेगवान सराव बंद केला. त्यामुळे फक्त ‘डोपिंग होते का’ असे विचारून थांबू नये. शेवटचे इंजेक्शन कोणत्या सांध्यात आणि कोणत्या तारखेला दिले, हेही विचारावे.

पैशाची वाट

न्यूयॉर्कमधील अक्विडक्ट रेसकोर्सवर नोव्हेंबर २०११ च्या अखेरीपासून मार्च २०१२ पर्यंत २१ घोडे मेले. त्याआधी थोडेच दिवस, ऑक्टोबर २०११ मध्ये, त्याच आवारात कॅसिनो सुरू झाला होता आणि त्याच्या उत्पन्नातून शर्यतींची बक्षिसे फुगली होती. क्लेमिंग शर्यतीत उतरलेला प्रत्येक घोडा ठरलेल्या किमतीला विक्रीस असतो. शर्यतीपूर्वी चिठ्ठी टाकणारा शर्यतीनंतर तो घेऊन जातो. बक्षीस घोड्याच्या किमतीच्या कितीतरी पट झाले की दुखऱ्या पायाचा स्वस्त घोडा पळवणे परवडते: जिंकला तर बक्षीस, कोणी उचलला तर दुसऱ्याचे दुखणे, मेला तर नुकसान थोडे. राज्याच्या चौकशी गटाने सप्टेंबर २०१२ च्या अहवालात म्हटले की यांतील निम्म्याहून अधिक घोडे वाचण्याची शक्यता होती. कोणीही नियम मोडला नसेल, तरी बक्षिसांची रचना करणाऱ्यांनी हे प्रलोभन उभे केले होते. माझ्या मते या विषयावरचा सर्वांत उपयोगी दस्तऐवज हाच आहे, कारण तो दोष माणसाच्या स्वभावात शोधत बसत नाही, बक्षिसाच्या तक्त्यात शोधतो.

सांता अनितामध्येही असाच धागा होता. शर्यतीत पुरेसे घोडे असले तर बेटिंग वाढते, म्हणून रेसिंग ऑफिसकडून घोडे उतरवण्याचा दबाव येत असल्याचे काही ट्रेनरांनी चौकशीत सांगितले. बातमीत क्लबच्या कार्यालयाचा उल्लेख क्वचितच असतो. तो शोधावा.

जॉकी

लोकांना जॉकी दिसतो, म्हणून दोष त्याच्यावर पहिल्यांदा येतो. २००८ च्या केंटकी डर्बीत एट बेल्स ही घोडी दुसरी आली आणि रेषा ओलांडून वेग कमी होत असताना तिचे पुढचे दोन्ही घोटे मोडले. प्राणिहक्क संघटना पेटाने जॉकी गॅब्रिएल साएझ याच्या निलंबनाची मागणी केली. शर्यत संपल्यावर मोडलेल्या पायांचे कारण चाबकात शोधणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. जॉकीची खरी जबाबदारी दोन ठिकाणी असते: शर्यतीपूर्वी घोड्याची चाल बिघडलेली जाणवली तर पशुवैद्याला सांगणे, आणि घोडा थकून गेल्यावर त्याला थांबवणे. ग्रँड नॅशनल या ब्रिटनमधील अडथळ्यांच्या शर्यतीत २०२५ साली तेरा वर्षांचा सेलेब्र दालॉं शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात कोसळला. त्याच्यात काही उरलेले नसतानाही पुढे दौडत राहिल्याबद्दल जॉकीला दहा दिवसांची बंदी घालण्यात आली. घोडा काही दिवसांनी मेला. ती शिक्षा सवारीबद्दल होती, मृत्यूबद्दल नव्हती. अनेक बातम्यांनी हा फरक गाळला.

निष्कर्ष कोणाचा आहे

जून २०१९ मध्ये सांता अनिताने जेरी हॉलेनडॉर्फर या प्रसिद्ध ट्रेनरना आपल्या आवारात बंदी घातली, कारण त्या हंगामात त्यांचे चार घोडे तेथे मेले होते. ही बंदी खासगी कंपनीने घातली होती, नियामकाने त्यांचा परवाना काढून घेतला नव्हता. लॉस एंजेलिस काउंटीच्या सरकारी वकिलांनी डिसेंबर २०१९ मध्ये फौजदारी गुन्ह्याचा पुरावा नसल्याचे सांगितले. २०२३ च्या वसंतात केंटकीतील चर्चिल डाउन्स रेसकोर्सवर सुमारे महिनाभरात बारा घोडे मेले आणि शर्यती दुसरीकडे हलवाव्या लागल्या; घोडेशर्यतींच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या अहवालात एकच एक कारण आढळले नाही. व्यावसायिक निर्णय, फौजदारी निष्कर्ष आणि वैद्यकीय निष्कर्ष हे तीन वेगळे दरवाजे आहेत. एकातून निर्दोष सुटलेला माणूस दुसऱ्यातूनही सुटतो असे नाही. ‘चौकशीत दोष आढळला नाही’ असे वाचले की चौकशी नेमकी कशाची होती, हे विचारावे.

आपल्याकडे महालक्ष्मी किंवा पुणे येथे असा प्रसंग घडला तर हीच रीत वापरता येते, पण अमेरिकेचे मातीचे आकडे येथे चिकटवू नयेत. या दोन्ही ठिकाणी शर्यती हिरवळीवर होतात. कायद्याचा आधार हवा असेल तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाचे कलम ११ पाहावे. वय, आजार, जखम किंवा अन्य कारणाने कामास अयोग्य असलेल्या प्राण्यास कामाला लावणे, आणि मालक असून तसे होऊ देणे, दोन्ही त्यात गुन्हा ठरतात. म्हणजे माहिती आणि अधिकार यांची कसोटी आपल्या कायद्यातही आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये आहे, त्यामुळे पोलिसांकडील तक्रारीपेक्षा क्लबच्या स्टुअर्डांना (शर्यतींवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) लेखी प्रश्न विचारण्याचा उपयोग अधिक.

ते पत्र लहान असावे. घोड्याचे नाव, शर्यतीची तारीख आणि क्रमांक लिहून पुढील गोष्टी मागाव्यात: शवविच्छेदन झाले का आणि मोडलेल्या जागी जुनी इजा आढळली का, शर्यतीपूर्वी त्याची तपासणी कोणत्या दिवशी झाली आणि चालीबद्दल काही नोंद होती का, गेल्या महिन्याभरात कोणते सांधे टोचले गेले, त्याच तबेल्यातील किती घोडे या हंगामात जखमी झाले. आरोप, विशेषणे आणि चित्रफितीचा दुवा पत्रात घालू नये. उत्तर आले तर ते जसेच्या तसे प्रसिद्ध करावे, आणि महिनाभर आले नाही तर पत्राच्या तारखेसह तेही लिहावे.